बिनविस्तवाची आमटी

त्या गुरुवारी जिना चढतानाच वर्षाराणीला कळलं की वर काहीतरी शिजतंय. वास कांदा-लसूण चटणीचा होता, पण त्यातला धुराचा भाग वजा केल्यासारखा. चटणी नुसती गरम पाण्यात पडली की असा वास येतो. ती पायरीवर थबकली. या घरात माडीवर विस्तव नाही, हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

दुपारी तीनला विद्यापीठात ग्रंथपालांची बैठक होती. पुण्याहून पहाटे निघून ती अकराला पोहोचली होती. दोन-तीन तास आईजवळ बसायचं, बैठक उरकायची आणि संध्याकाळी परत फिरायचं, असा तिचा बेत होता. कोल्हापूरला मुक्काम करणं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

उद्यमनगराच्या मागं त्यांचं दुमजली घर. खाली धाकटा भाऊ विश्वजित आणि त्याची बायको संयोगिता राहत. माडीवर आई एकटी. ही माडी म्हणजे एके काळची बायडाबाईंची खानावळ. लेथवर काम करणारी, ओतकाम करणारी पोरं बत्तीस वर्षं इथं दोन पंगतींनी जेवून गेली. खानावळ बंद होऊन सहा वर्षं झाली होती, पण भिंतीला टेकून ठेवलेले लांब पाट अजून तिथंच होते.

बायडाबाई ओट्यापुढं स्टुलावर बसल्या होत्या. ओट्यावर जिथं शेगडी असायची तिथं आता चौकोनी डाग होता आणि त्या डागावर कॉफीचं यंत्र मांडलेलं होतं. ते वर्षाराणीचंच. तिनं हौसेनं घेतलं, अकरा दिवस वापरलं आणि दिवाळीला आईला आणून दिलं. मागच्या टाकीत पाणी घालायचं, बटण दाबायचं. पाणी तापून वरच्या जाळीच्या डब्यातल्या कॉफीवर टपटपतं आणि खाली काचेच्या भांड्यात उतरतं. भांड्याखाली एक तबकडी असते, ती ते गरम ठेवते. चहाची पावडर घातली तर चहा होतो, असं तिनं आईला समजावलं होतं. बायडाबाईंनी सहा महिन्यांत त्या यंत्रात चहा-कॉफी सोडून बाकी सगळं केलं होतं.

"आलीस व्हय? बस," त्या मागं न बघता म्हणाल्या. "तिकडं हात लावू नको, तबकडी तापलीया."

"आई, हे काय चाललंय?"

"अंड्याची आमटी."

"यात?"

"मग कशात? शेगडी हाय व्हय माझ्याकडं?"

काचेच्या भांड्यात लालभडक पाणी होतं आणि त्यात चार सोललेली अंडी तरंगत होती. काचेच्या कडेला हळदीची पिवळी रेघ कायमची बसली होती. वर्षाराणीला ते बघवेना. दवाखान्यातल्या बरण्यांमध्ये असंच काहीतरी तरंगत असतं.

"आदी नुसतं पाणी दोनदा सोडायचं," बायडाबाई सांगू लागल्या. नव्या पोरीला हाताखाली घेताना लागायचा तोच त्यांचा सूर होता. "त्यात अंडी ठिवायची. अर्धा-पाऊण तास. ती झाली की सोलायची. मग वरच्या डब्यात कांदा चिरून घालतो. त्याच्यावरनं कडकडीत पाणी गेलं की त्यो मऊ पडतोय. खाली चटणी, तीळ-खोबऱ्याचं वाटण, मीठ. आन् मग दोन तास त्याच्याकडं बघायचं न्हाय."

घालतो, करतो, जातो. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल असंच पुरुषी बोलतात. पुण्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात वसतिगृहातल्या मुली याच बोलण्यावर हसल्या होत्या. तेव्हापासून वर्षाराणी घालते, करते, जाते म्हणू लागली. नावातली राणीही तेव्हाच गळाली. पुण्यात ती नुसती वर्षा.

"आणि फोडणी?" तिनं विचारलं.

"फोडणी हुईत न्हाय." बायडाबाईंनी यंत्राच्या शेजारची स्टीलची वाटी दाखवली. तेलात लसणाच्या पाकळ्या बुडालेल्या होत्या. "तबकडीवर ठिवतो. पर लसूण लाल हुईत न्हाय, नुसता पिचकतोय. चरचर म्हणून न्हाय. पर आपल्या चटणीत सगळं आदीच भाजून घातल्यालं आसतंय की. मिरची, कांदा, लसूण, खोबरं. तिच्यात विस्तव आदीच हाय. तिच्यावर निभावतंय." जरा थांबून त्या म्हणाल्या, "भाकरी तेवढी हुईत न्हाय."

शेवया होतात. दलिया होतो. रात्रभर भिजवलेली मूगडाळ सकाळी लावली की दुपारपर्यंत बोटानं मोडते. एकटीपुरता अंदाज मात्र त्यांना अजून येत नव्हता. साठ माणसांचा आला असता. खानावळीतला जुना गिऱ्हाईक पिराजी आता सत्तरीला आला होता, तो रविवारी येऊन उरलंसुरलं संपवून जायचा. "म्हणतोय, मावशी, फोडणी न्हाय पर हात तुमचाच हाय." हे सांगताना बायडाबाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

मग तो पुन्हा आवळला. "जल्माची चूल. सुनंनं एका दिवसात उचलून न्हेली. मी काय चोरी केलती तिच्या घरची?"

वर्षाराणीनं पर्स उघडली, रुमाल काढला, परत ठेवला.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. गल्लीत वास गेला तेव्हा बायडाबाई पोथी वाचत बसल्या होत्या. पंधरा दिवसांनी कढई जळाली आणि खिडकीच्या पडद्यानं पेट घेतला. विश्वजितनं पुण्याला फोन केला. वर्षाराणी तेव्हा महाविद्यालयाच्या वाचनालयात परतीच्या पुस्तकांवर तारखा मारत होती. मोबाइल खांद्यात धरून ती म्हणाली होती, "आजच्या आज शेगडी आणि सिलिंडर खाली घे."

"आक्का, आई जन्मात बोलायची न्हाय माझ्याशी."

"मग संयोगिताचं नाव सांग. त्या दोघींचं तसंही पटत नाही. माझं नाव मात्र काढू नकोस. इथून मला तिचा रुसवा काढता येणार नाही."

एवढं बोलून तिनं पुढच्या पुस्तकावर शिक्का मारला होता. वाक्य साधं होतं, सोयीचं होतं. तेव्हा ते तिला शहाणपणाचंही वाटलं होतं.

जिन्यात बांगड्या वाजल्या. संयोगिता भाकऱ्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. चूल, चोरी, सगळं तिनं ऐकलेलं होतं. तिनं वर्षाराणीकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. नुसती वाट पाहणं होतं, बस थांब्यावर माणूस पाहतं तसं. वर्षाराणी काचेच्या भांड्याकडं बघत राहिली.

"वन्सं, कवा आलासा?" संयोगितानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ताटली ओट्यावर ठेवली. ताटली ठेवताना यंत्र जरा सरकलं. तेव्हा वर्षाराणीला त्याची मागची बाजू दिसली.

प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. वायरीला दोन ठिकाणी कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि एका चिंधीची कड करपलेली होती.

"आई, हे दिवसभर सुरू असतं?"

"रातचंबी आसतंय कवा कवा. डाळीला येळ लागतोय."

"झोपताना?"

"झोपायचं काय त्यात, ते काय दंगा करतंय?"

वर्षाराणी उठली आणि तिनं पिन ओढून काढली. वरचा लाल दिवा विझला. "हे मी घेऊन जाते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा आवाज कधीच चढत नसे.

बायडाबाई काही क्षण विझलेल्या दिव्याकडं बघत राहिल्या. मग संयोगिताकडं न बघता, पण तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आता ह्ये बी हिनंच सांगितलं आसंल तुला."

हाच तो क्षण होता. खोलीत तिघीच होत्या. नाही, आई, हे माझंच आणि तेही माझंच होतं. एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. पुढचे दिवस वर्षाराणी त्या श्वासाभोवती फिरत राहणार होती.

"ते सुरक्षित नाही, आई," ती म्हणाली.

संयोगिता वळली आणि जिना उतरून गेली. या खेपेला बांगड्यांचा आवाज झाला नाही. तिनं हात धरून ठेवले असावेत.

"बरं, ने," बायडाबाई म्हणाल्या. "तुझंच हाय. पर जेवून जा. भाकरी आल्याती, आमटी झालीया."

"मी साताऱ्यात खाऊन आलेय."

साताऱ्यात तिनं चहा घेतला होता. सकाळपासून पोटात दुसरं काही नव्हतं आणि भुकेनं कपाळ दुखत होतं. पण त्या काचेतलं, त्या वासाचं, त्या हातानं वाढलेलं खाणं आत्ता तिच्या घशाखाली उतरणार नव्हतं. ज्या माणसाची चूल आपण विझवली त्याच्यापुढं ताट घेऊन बसायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. म्हणून तिनं पोट भरल्याचं सांगितलं.

आईनं आग्रह केला नाही. त्यांनी दोन अंडी वाटीत काढून घेतली, दोन आत ठेवली, भांड्याला झाकण लावलं आणि ते यंत्रात घट्ट बसवलं. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सगळं बांधलं. खानावळीत डबे बांधायची गाठ.

"आमटीसकट ने. वाटंत कुठं तरी थांबून खा. दोन अंडी तुझ्या वाटची."

वर्षाराणीनं ते गाठोडं गाडीच्या डिकीत ठेवलं. बैठक लांबली. परतताना कराडच्या पुढं एका हॉटेलात थांबून तिनं थाळी मागवली आणि पोटभर जेवली. डिकीची तिला आठवणही झाली नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता विश्वजितचा फोन आला. संयोगिता सहाला चहा घेऊन वर गेली होती. आई कुशीवर झोपलेली होती आणि उठत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसावा. त्रासाचं डॉक्टरांना काय ठाऊक असणार, असं वर्षाराणीच्या मनात आलं. पण ती फक्त "निघते" म्हणाली.

तिच्यासाठी आईची माती थांबवून ठेवली होती. दुपारी पंचगंगेवर गोवऱ्यांच्या ढिगाऱ्यात आईला ठेवलं आणि विश्वजितनं अग्नी दिला. शेणी धुमसल्या, मग एकदम पेटल्या. वर्षाराणी बायकांच्या मागं उभी होती. आठ महिन्यांनंतर आईच्या जवळ विस्तव येऊ दिला, एवढंच तिला सुचलं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर संयोगितानं खालची शेगडीही पेटवली नाही. सुतक होतं, चूल पेटायची नव्हती. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली. कडू घास. प्रत्येकाच्या पानात कडुलिंबाचं एकेक पान होतं. वर्षाराणीनं पान चावलं. कडवटपणा जिभेवर पसरला आणि तिला बरं वाटलं, कारण बाकी सगळी तोंडं गोड बोलत होती.

गोड बोलत नव्हती ती एकच, कोडोलीची मावशी. हौसामावशी बायडाबाईंची धाकटी बहीण. आवाज घुमणारा, मनात येईल ते ओठांवर. ती भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्यापासून सांगत होती.

"साठ माणसाला जेवू घालणारी बाई माझी बहीण. शेवटाला स्वतःच्या चुलीला महाग झाली. सुनंनं शेगडी उचलून न्हेली बगा. म्हातारी कसल्या तरी मिशनीत पाणी उकळून पीत हुती."

बायका चुकचुकायच्या आणि चोरून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायच्या. तिथं संयोगिता लोकांचे पेले विसळत असायची.

शनिवारी दुपारी वारं सुटलं. गच्चीवर चटणीची मिरची वाळत घातलेली होती. बायडाबाईंनी आठवड्यापूर्वी स्वतः निवडून, देठं काढून पसरली होती. संयोगिताच्या वडिलांनी दर वर्षीसारखी गडहिंग्लजहून पाठवलेली संकेश्वरी मिरची. संयोगिता ती पोत्यात भरत होती. वर्षाराणी मदतीला वर गेली. दोघी मिरच्या गोळा करत राहिल्या. नाकात तिखटाची धूळ गेल्यानं दोघींचे डोळे वाहत होते आणि त्यामुळं कुणाला काही लपवावं लागलं नाही.

"वन्सं," संयोगिता म्हणाली, "आठ महिनं मी ऐकून घेतलं. यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलंतं तुमचं नाव. म्हटलं असू दे, म्हातारं माणूस हाय, लेकीवरची माया तरी राहू दे. भाकरी द्यायला गेलं की रोज एक टोमणा. मी खाली येऊन कामाला लागायची."

वर्षाराणी पोत्यात मिरच्या टाकत राहिली.

"आता त्या न्हाईत. आता कुणासाठी ऐकायचं?" संयोगितानं पोत्याचं तोंड पिळलं. "उद्या रक्षाविसर्जनाला माझं बाबा येणार हाईत. मावशी त्यांच्या म्होरं बोलणार. लेक सासूला उपाशी ठेवती, हे ऐकत त्यांनी तिथं उभं ऱ्हायचं. मी तुम्हाला काय सांगत न्हाय. नुसतं कानावर घालतीया."

"उद्या बोलते मी," वर्षाराणी म्हणाली. "घाटावर. सगळ्यांसमोर."

संयोगितानं मान हलवली. विश्वास ठेवल्याची ती खूण नव्हती. पोतं उचलायला हात लावा, एवढाच तिचा अर्थ होता.

उद्याचं वर्षाराणीनं मनाशी मांडून ठेवलं होतं. घाटावर नैवेद्य ठेवतील. कावळा लवकर यायचा नाही, कारण आईच्या मनात राहून गेलेलं होतं. माणसं हात जोडून एकेक कबूल करू लागतील. देवाचं बघू, घराचं बघू. कावळा फांदीवरच बसून राहील. मग कुणीतरी विचारेल, अजून काय राहिलंय म्हातारीचं. तेव्हा ती पुढं होईल. तिनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती. क्षण कसा तयार व्हावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. भाग पाडल्याशिवाय आपल्या तोंडून ते निघणार नाही, हेही ठाऊक होतं. म्हणून कावळ्यावर तिची भिस्त होती.

रविवारी सकाळी घाटावर तीस-चाळीस माणसं जमली. रक्षा सावडून झाली. बायकांनी आणलेले पदार्थ पत्रावळीवर मांडले: भात, वडे, मटणाचा रस्सा, बुंदी. पिराजीनं कागदात बांधून उकडलेलं अंडं आणलं होतं, ते त्यानं एका कडेला ठेवलं. संयोगिताचे वडील टोपी हातात घेऊन मागं उभे होते. वर्षाराणीनं पदर खोचला, कोरडे ओठ ओले केले आणि मनातलं वाक्य जुळवलं.

पत्रावळ ठेवणाऱ्याचा हात पुरता मागंही आला नव्हता. एक कावळा सरळ खाली उतरला, त्यानं वड्याचा तुकडा उचलला, आणि त्याच्या मागं आणखी दोन आले. पिराजीचं अंडं त्यांनी फोडून टाकलं. अर्ध्या मिनिटात पत्रावळ विस्कटली.

"समाधानानं गेली बाई," कुणीतरी म्हणालं. माणसांनी सुस्कारे सोडले, हात जोडले, चपला शोधू लागली. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही, कुणी काही विचारलं नाही. वर्षाराणीच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. कावळ्यानं तिला मोकळं सोडलं होतं आणि असं मोकळं सुटण्याइतकं अपमानाचं तिच्या वाट्याला आजवर काही आलं नव्हतं.

तेवढ्यात हौसामावशीचा आवाज आला. "समाधान कुठलं घिऊन बसलाय. भुकेली गेली न्हवं माझी भन. म्हणून अशी झडप घातली."

संयोगिताच्या वडिलांनी मान खाली घातली. हातातली टोपी त्यांनी उगाचच झटकली. विश्वजितनं बहिणीकडं पाहिलं. वर्षाराणी नदीकडं बघत होती. "घरी गेल्यावर," ती स्वतःशी म्हणाली. घाटावर सांगेन हे जसं कालचं वाक्य होतं, तसं हे आजचं.

घरी अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. विधी उरकला म्हणून तीन दिवसांनी खालच्या शेगडीवर भात चढला होता. घाटावर नेलेली भांडी परतताना कुणीतरी घाईनं वर्षाराणीच्या गाडीच्या डिकीत टाकली होती. संयोगिता किल्ली घेऊन ती काढायला गेली. तिनं डिकी उघडली आणि पदर नाकाला लावला.

अंगणात बसलेल्यांनाही वास आला. एप्रिलच्या उन्हात तीन दिवस बंद गाडीत राहिलेल्या अंड्यांचा वास. संयोगितानं आधी घाटावरची पातेली काढली आणि त्यांच्या मागचं गाठोडं ओढलं. लुगड्याच्या तुकड्यावर लाल तेलकट डाग पसरला होता. गाठ तिनं ओळखली असणार. या घरात तशी गाठ एकच बाई मारायची.

ती गाठोडं घेऊन अंगणातल्या नळाशी बसली. गाठ दातानं सोडवली, यंत्र बाजूला ठेवलं, काचेच्या भांड्याचं झाकण काढलं. आत आमटीवर पांढरा तवंग आला होता. दोन अंडी काळपट पडली होती. तिनं ते सगळं मोरीत ओतलं आणि भांडं राखेनं घासायला घेतलं.

वर्षाराणी दारात उभी होती. बत्तीस वर्षं लोकांना जेवू घालणाऱ्या बाईनं शेवटचं जे रांधलं, ते मोरीतून वाहत चाललं होतं. वाटेत थांबून खा, असं आईनं सांगितलं होतं. वाटेत ती थांबली होती. थाळी जेवली होती. तिथली आमटी बेचव होती हेही तिला आत्ता आठवलं.

"ह्ये काय गं?" हौसामावशी सतरंजीवरून उठत म्हणाली. "ह्ये तर माझ्या भनीचं मिशन. माझ्याशी फोनवर लई कौतिक सांगायची, गुरुवारी सकाळीबी सांगितलं. ह्ये गाडीत कसं?"

संयोगिता घासत राहिली.

"शेगडी काढलीस ती काढलीस. ह्ये बी काढून नणंदंच्या गाडीत घातलंस व्हय, मरायच्या आदल्या दिशी? आगं एवढं कशानं डोळ्यात सलत हुतं तुझ्या? पावणं, आयकताय न्हवं," ती संयोगिताच्या वडिलांकडं वळली, "काय शिकवून धाडलीसा लेकीला?"

वडील खुर्चीवरून अर्धवट उठले.  मिरचीच्या पोत्यावरून ते दर वर्षी या घरात शब्द देऊन जायचे, यंदा चटणी चांगली होणार, विहीणबाई. आज त्यांना शब्द सापडत नव्हता. विश्वजित भिंतीला टेकून बहिणीकडं बघत होता. नळाचं पाणी वाजत होतं.

संयोगितानं काच उन्हात धरली. पिवळी रेघ तशीच होती.

"वन्सं," ती म्हणाली, फक्त वर्षाराणीकडं बघून, "डाग निघंना झालाय."

वर्षाराणी पायरी उतरली. कावळा नव्हता, कुणी तिला विचारलं नव्हतं, कुठलाही क्षण तयार झालेला नव्हता. भर उन्हात, नासक्या वासात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत तिनं संयोगिताच्या ओल्या हातातलं भांडं घेतलं.

"मावशी, तिला बोलू नको. तिनं काय केलं न्हाय." आवाज तिचाच होता, पण कित्येक वर्षांत न वापरलेला. "शेगडी मी काढायला लावली. पुण्यातनं, फोनवर. नाव संयोगिताचं सांग, हे पण मीच म्हणालो. आईचा राग माझ्यावर नको होता मला. आई तिला बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. आणि ह्ये मिशन गुरुवारी मी नेलं. पिन मी काढली. आई म्हणाली, ह्ये बी सुनंनंच सांगितलं आसंल. तवाबी मी गप्प बसलो."

मावशीनं पदर तोंडाला लावला. संयोगिताचे वडील खुर्चीत परत बसले. वर्षाराणीला त्यांच्यातलं कुणी दिसत नव्हतं. ती वर बघत होती, माडीच्या खिडकीकडं, जिथला जळका पडदा संयोगितानं आठ महिन्यांपूर्वीच बदलला होता.

"आणि मी साताऱ्यात काय खाऊन आलो नव्हतो, आई," ती म्हणाली. "मला भूक लागली होती."